राक्षस कोण? : ‘डेव्हिलमन’च्या अंतिम खंडाचा विचार

एखाद्या कलाकृतीत रक्तपात किती आहे, ह्यावरून तिची प्रतिष्ठा ठरविण्याची सवय आपल्याकडे अजून गेलेली नाही. रक्तपात थोडा असला की कृती संयमी, आणि फार असला की ती बटबटीत, असा एक सोयीचा हिशेब आपण मनाशी बाळगून असतो. हा हिशेब प्रामाणिकपणे लावावयाचा म्हटला तर महाभारतातील सौप्तिकपर्वाला आपल्याला प्रथम हात लावावा लागेल. आणि तसे करण्यास कोणी धजणार नाही. उलट पक्षाचा युक्तिवादही तितकाच लंगडा आहे. हिंसेचे चित्रण धीट आहे एवढ्यावरून ते कलात्मक ठरत नाही. धिटाई हा लेखकाचा गुण असेल, कृतीचा असेलच असे नाही. वस्तुतः प्रश्न हिंसेच्या मात्रेचा नसून तिच्या कार्याचा आहे. ती वाचकाच्या मनाचे काय करते, हे पाहावयाचे असते. आणि ह्या प्रश्नाचे उत्तर कथेच्या मध्यावर मिळत नाही. मध्यावर प्रत्येक संग्राम मागच्या संग्रामापेक्षा मोठा असला म्हणजे भागते. हिशेब द्यावा लागतो तो शेवटी. म्हणूनच अशा कृतींचा अंतिम खंड हीच त्यांची खरी परीक्षा होय.

जपानी चित्रकथाकार गो नागाई ह्यांच्या ‘डेव्हिलमन’ ह्या कृतीचा पाचवा आणि शेवटचा खंड ह्या दृष्टीने विचारात घेण्याजोगा आहे. ही चित्रकथा ‘शोनेन मॅगझिन’ ह्या मुलांच्या साप्ताहिकात जून १९७२ ते जून १९७३ ह्या एका वर्षात क्रमशः प्रसिद्ध झाली व कोदान्शा ह्या प्रकाशनसंस्थेने ती पाच खंडांत ग्रंथरूपाने काढली. त्याच सुमारास, जुलै १९७२ ते मार्च १९७३ ह्या काळात, तोएई ह्या चित्रसंस्थेने तिच्यावर एकोणचाळीस भागांची दूरचित्रवाणी-मालिका केली. ती मालिका मुलांसाठी होती आणि तिचा नायक एका मुलीच्या प्रेमापायी मानवजातीचे रक्षण करणारा पराक्रमी वीर होता. चित्रकथेने मात्र वेगळा व अतिशय निर्दय मार्ग धरला. तो मार्ग शेवटपर्यंत चालून जाणारी अ‍ॅनिमे-मालिका पुढे पंचेचाळीस वर्षांनी आली. मासाआकी युआसा ह्यांनी दिग्दर्शित केलेली ‘डेव्हिलमन क्रायबेबी’ ही दहा भागांची मालिका ५ जानेवारी २०१८ रोजी नेटफ्लिक्सवर प्रदर्शित झाली. प्रस्तुत लेखात मुख्यत्वे मूळ अंतिम खंडाचा, व त्याच्या अनुषंगाने ह्या मालिकेच्या शेवटच्या भागांचा विचार करावयाचा आहे.

कथावस्तू थोडक्यात अशी आहे. मानवाच्या पूर्वी पृथ्वीवर राक्षसांचे राज्य होते. इतर जीवांच्या देहात शिरून त्यांच्याशी एकरूप होणे हे त्यांचे सामर्थ्य. युगानुयुगे बर्फाखाली निजलेले हे राक्षस आता जागे होत आहेत. आकिरा फुदो हा भित्रा, हळव्या मनाचा मुलगा. आईवडील परदेशी असल्याने तो माकिमुरा कुटुंबात राहतो, आणि त्या घरची मुलगी मिकी त्याची सखी आहे. र्‍यो आसुका हा त्याचा मित्र त्याला सांगतो की राक्षसांशी लढावयाचे तर राक्षसाचे बळ हवे. जो राक्षसाला आपल्या देहात घेऊन आपले माणसाचे मन शाबूत ठेवील तोच त्यांच्याशी लढू शकेल. आकिरा हे दिव्य करतो. अमोन नावाच्या बलाढ्य राक्षसाचे शरीर त्याला लाभते आणि मन त्याचे त्याच्यापाशीच राहते.

पहिल्या चार खंडांत ह्या नव्या देहाचे पराक्रम आहेत. भरताने वीरापासून अद्भुताची उत्पत्ती सांगितली आहे. ह्या खंडांतील रसव्यवस्था जवळजवळ तशीच आहे. शत्रू विचित्र, युद्ध विचित्र, आणि वाचकाच्या ठिकाणी उत्साह व विस्मय ह्यांखेरीज दुसरे काही फारसे उरत नाही. हिंसेचा येथे आनंद आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही. शत्रू राक्षस असल्यामुळे त्याचा देह फाडला जाताना आपले मन कचरत नाही. किंबहुना तो फाडला जावा अशी आपली इच्छा असते. अपवाद एका प्रकरणाचा. जिनमेन नावाचा कासवाच्या पाठीचा राक्षस माणसे खातो आणि खाल्लेल्यांचे चेहरे त्याच्या पाठीवर जिवंतपणे बोलत राहतात. त्याला मारावयाचे तर त्या चेहऱ्यांवरच घाव घालावा लागतो, आणि त्यांत आकिराच्या ओळखीच्या लहानग्या साचिकोचा चेहरा आहे. आपण तर मेलेलेच आहोत, तू घाव घाल, असे ती मुलगीच त्याला विनविते. शत्रूवर उगारलेला हात आपल्या माणसावर पडल्यावाचून राहत नाही, ही अंतिम खंडाची कल्पना येथे बीजरूपाने आलेली आहे. परंतु ती येथे क्षणभर चमकून जाते आणि कथा पुन्हा युद्धाकडे वळते.

अंतिम खंडात ह्या साऱ्याचा पाया काढून घेतला जातो. राक्षस एकाएकी जगभर, अंदाधुंदपणे, माणसांच्या देहांत शिरू लागतात. त्यानंतर आपली अपेक्षा असते ती महायुद्धाची. प्रत्यक्षात येते ते निराळेच. राइनुमा नावाचे एक विद्वान प्राध्यापक जाहीर करतात की राक्षस म्हणून कोणी परकी जात नाहीच. मनातील असंतोष अनावर झाला म्हणजे माणसाचाच राक्षस होतो. हे निदान चुकीचे आहे, आणि ते चुकीचे आहे हे वाचकाला ठाऊक आहे. पण त्याचे परिणाम खोट्याचे नसतात. असंतुष्ट कोण नाही? म्हणून संशयित कोण नाही? राक्षस होण्यापूर्वीच राक्षसाला मारणे हे मग शहाणपणाचे, किंबहुना कर्तव्याचे ठरते. आधी विद्वानाचे मत, मग त्या मताच्या आधाराने उभारलेले शासकीय पथक व त्याच्या कोठड्या, आणि अखेरीस हातात शस्त्र घेऊन दाराशी आलेले शेजारी, अशा तीन पायऱ्यांनी हा खंड उतरत जातो. ह्या पायऱ्यांची मांडणी इतकी स्वच्छ आहे की वर्षभरात आठवड्याआठवड्याला हप्ते लिहून पुऱ्या केलेल्या कथेत ती यावी ह्याचे आश्चर्य वाटते. राक्षसांच्या पुढाऱ्याला माणसांशी लढावे लागतच नाही. माणसाला माणसाची भीती वाटेल एवढी व्यवस्था केली की त्याचे काम संपते.

ही कल्पना केवळ कल्पना नाही. १ सप्टेंबर १९२३ च्या कान्तो भूकंपानंतर कोरियन लोक विहिरींत विष कालवीत आहेत अशी आवई उठली आणि गल्लोगल्ली उभ्या राहिलेल्या रक्षकदलांनी कोरियन लोकांच्या कत्तली केल्या. संशयिताकडून काही विशिष्ट जपानी शब्दांचा उच्चार करवून घ्यावयाचा व जीभ अडखळली की त्याचा निकाल लावावयाचा, अशीही पद्धत होती. तीत उच्चार चुकलेले काही जपानीही मारले गेले. पुढे १९७१-७२ च्या हिवाळ्यात ‘युनायटेड रेड आर्मी’ ह्या क्रांतिवादी गटाने डोंगरातील आपल्या तळांवर आपल्याच बारा सोबत्यांचा आत्मपरीक्षणाच्या नावाखाली छळ करून बळी घेतला, आणि मार्च १९७२ मध्ये ते प्रकरण उघडकीस आले तेव्हा सारा जपान हादरला. ‘डेव्हिलमन’चा पहिला हप्ता त्यानंतर तीन महिन्यांनी प्रसिद्ध झाला. ह्या घटनांवरून कथा बेतली असे म्हणण्याचा येथे हेतू नाही. परंतु ज्या वाचकांच्या हाती ती पडली त्यांना ही भीती कोठून आली हे समजावून सांगण्याची गरज नव्हती, एवढे खास. आणि मराठी वाचकालाही ती नाही. ‘क्रायबेबी’ ज्या वर्षी प्रदर्शित झाली त्याच वर्षी, १ जुलै २०१८ रोजी, धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे भिक्षेकरिता फिरणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच जणांना जमावाने ठेचून मारले. मुले पळविणारी टोळी आल्याची अफवा भ्रमणध्वनीवरून फिरत होती, इतकेच निमित्त. राक्षसांची कथा जपानी आहे. तिच्यातील जमाव जपानी नाही.

अंतिम खंडाचे दोन मर्मबिंदू आहेत. पहिला तो छळकोठडीचा. मिकीच्या आईवडिलांना राक्षसशोधक पथक पकडून नेते. आकिरा पोहोचतो तेव्हा उशीर झालेला असतो. छळ करणारी माणसे त्याच्या राक्षसी रूपाला पाहून गयावया करू लागतात. आपण माणसे आहोत, हाच त्यांचा बचाव असतो. तेव्हा तो त्यांना म्हणतो त्याचा आशय असा, की माझा देह राक्षसाचा झाला पण मी माणसाचे मन टाकले नाही. तुम्ही माणसाचा देह राखून राक्षस झालात. हे वाक्य साऱ्या कथेचे सूत्र म्हणून पुष्कळदा सांगितले जाते. तसे ते आहेही. परंतु ते वाक्य उच्चारून झाल्यावर आकिरा त्या माणसांना मारतो, ह्याकडे सहसा लक्ष दिले जात नाही. माणसाचे मन राखल्याची ग्वाही आणि माणसांचा वध ह्या दोन गोष्टी एकाच प्रसंगात येतात, आणि वाचक त्या क्षणी पूर्णपणे आकिराच्या बाजूचा असतो. नागाई ह्यांनी आपल्याला येथे पकडले आहे. जमावाचीही नेमकी हीच समजूत असते : समोरचा माणूस नाही, म्हणून त्याला मारण्यात दोष नाही.

दुसरा बिंदू माकिमुरांच्या घराचा. जमाव घरात शिरतो आणि मिकी व तिचा धाकटा भाऊ मारले जातात. त्यांची शिरे काठ्यांवर नाचविणारा जमाव आकिराला दिसतो व तो त्या सर्वांना जाळून टाकतो. येथे चित्रकार काहीच झाकीत नाही, आणि त्याने झाकू नये हेच योग्य होय. आतापर्यंत फाटलेले देह पाहून वाचकाने जो आनंद घेतला त्याची किंमत येथे त्याला मोजावी लागते. रेषा तीच, फटकारा तोच, कौशल्य तेच. परंतु ज्या हाताने राक्षसांचे तुकडे रंगविले त्याच हाताने हे रंगविलेले पाहताना तो आनंद घशाशी अडकतो. बीभत्साचा स्थायी भाव जुगुप्सा, आणि बीभत्सापासून भयानकाची उत्पत्ती, असे भरताने म्हटले आहे. येथील जुगुप्सेचा विषय जमाव आहे. भयाचा विषय मात्र आपण स्वतः आहोत. आकिराने केलेला सूड आपल्याला हवा होता. तो मिळतो, आणि मिळाल्याने काहीच निष्पन्न होत नाही. रक्षण करण्यासारखे आता कोणी उरलेले नाही. हिंसेने स्वतःचा निषेध स्वतःच्याच भाषेत करावा, अशी ही उदाहरणे वाङ्मयात फार सापडत नाहीत.

त्यानंतरचा निर्णय तर ह्याहूनही धीट आहे. र्‍यो हाच सैतान, हे उघड झालेले आहे; आपले खरे रूप स्वतःच विसरून तो माणसांत राहिला होता आणि त्या राहण्यात आकिरावर प्रेम करू लागला होता. राक्षसांच्या जगात आकिरा जगावा म्हणूनच त्याने त्याला राक्षसाचा देह मिळवून दिला होता. आकिरा आपल्यासारखे ‘डेव्हिलमन’ जमवून त्याच्याविरुद्ध सैन्य उभारतो. म्हणजे ज्या महायुद्धाची पाचही खंड वाट पाहावयाला लावली ते आता येणार. आणि ते येत नाही. वीस वर्षांचे युद्ध लेखक काही पानांत उरकतो. ज्या लेखकाला युद्ध रंगविण्याचा इतका हव्यास होता त्याने सर्वांत मोठे युद्ध रंगविण्याचे नाकारावे, ही घाई नव्हे. हे कथेचे तात्पर्य आहे. घर जळल्यानंतर ह्या युद्धात जिंकण्यासारखे काही नव्हते, म्हणून दाखविण्यासारखेही काही नव्हते.

शेवटी उरतात ते दोघे. निर्जन जगात सैतान आडव्या पडलेल्या आकिराशी बोलतो आहे. देवाने राक्षसांना नको म्हणून नष्ट करू पाहिले, त्या अन्यायाविरुद्ध आपण उठलो. आणि मग बलिष्ठाला दुर्बळाचे प्राण घेण्याचा अधिकार आहे अशा भावनेने आपण माणसांशी तेच केले, असे तो कबूल करतो व क्षमा मागतो. आकिरा उत्तर देत नाही. अखेरच्या पानांत दिसते की त्याचे शरीर कमरेखाली नाहीच. तो केव्हाच मेलेला आहे. दूर आकाशात देवदूतांचा प्रकाश दिसू लागतो आणि कथा संपते. रौद्रापासून करुण निर्माण होतो हे भरताचे वचन इतक्या अक्षरशः खरे झालेले क्वचितच पाहावयास मिळेल.

तथापि हा करुण कोणत्या जातीचा आहे हे नीट पाहिले पाहिजे. आनंदवर्धनाने महाभारताचा प्रधान रस शांत मानला, कारण त्या सर्वसंहारानंतर मागे उरलेल्यांच्या मनात वैराग्य उपजते. स्त्रीपर्वात विधवा शोक करतात, युधिष्ठिराला राज्य कडू होते. म्हणजे शोक करण्याचा ज्यांना अधिकार आहे असे कोणीतरी तेथे उरते. ‘डेव्हिलमन’च्या शेवटी असे कोणीच उरत नाही. ज्याने मारले तोच एकटा रडावयास शिल्लक आहे. क्षमा मागणारा आहे, क्षमा करणारा नाही. त्यामुळे हा शोक शांतात परिणत होऊ शकत नाही, आणि तसा तो होऊ द्यावयाचा नाही हेच लेखकाचे म्हणणे दिसते. युद्धात न्याय नसतो आणि ही कृती एक इशारा आहे, अशा आशयाचे नागाई ह्यांनी पुढे म्हटले आहे. कृती वाचल्यावर ह्या विधानाची आवश्यकता राहत नाही.

‘क्रायबेबी’ने हा शेवट कायम ठेवला, परंतु त्याचा स्वर पालटला. येथे आकिराचे रडणे हाच त्याचा धर्म आहे. तो दुसऱ्यांच्या दुःखाने रडतो. शाळकरी धावपटूंच्या शर्यतीत एकाने दुसऱ्याच्या हाती द्यावयाचा दांडा हे ह्या मालिकेतील वारंवार येणारे प्रतीक आहे. आकिराने लहानपणापासून पुढे केलेला दांडा र्‍योने कधी घेतलाच नाही, हे अखेरच्या भागात उमगते. नवव्या भागात एक प्रसंग मुळाहून निराळा आहे. बांधलेल्या संशयितांवर जमाव दगड मारू पाहतो. आकिरा त्यांच्यापुढे उभा राहून दगड अंगावर घेतो, रडतो, पण हात उचलीत नाही. एक लहान मूल पुढे येऊन त्याला बिलगते आणि एकेकाच्या हातातून दगड गळतात. मिकीही आकिराविषयीचा आपला विश्वास महाजालावरून जगाला सांगते. त्याला उत्तरे येतात, चांगलीही येतात, आणि तरी दाराशी जमाव येतोच. जमावातील माणूस फिरून माणूस होऊ शकतो, ही शक्यता मालिकेने उघडी ठेवली हा तिचा मोठा गुण. ती शक्यता असूनही मिकी वाचत नाही, त्यामुळे दुःख अधिक खोल होते.

परंतु ह्या लाभाबरोबर हानीही झाली आहे. मालिकेतील सैतान शेवटी ढसढसा रडतो. प्रेम म्हणजे काय हे आपल्याला कळले नव्हते असे त्याला कळते. मूळ खंडातील सैतान एक विचार उच्चारतो आणि मग गप्प होतो. रडणाऱ्याची आपल्याला कीव येते. गप्प झालेल्याच्या शेजारी आपल्याला बसावे लागते. प्रतीके जुळली, दांड्याचा अर्थ लागला, की प्रेक्षकाला एक प्रकारचे समाधान वाटू लागते, आणि ज्या शेवटात समाधानाला जागा नाही तेथे ते थोडेसे आगंतुक वाटते. शेवटी नव्याने घडलेली पृथ्वी व तिच्यावरचे दोन चंद्र दाखवून मालिका पुनरावृत्तीची सूचना करते. मूळ खंडाने मात्र तो दूरचा प्रकाश दाखवून पुढचे सारे वाचकावर सोडले.

मूळ खंडात दोष नाहीत असे मुळीच नाही. रेखाटन पुष्कळ ठिकाणी ओबडधोबड आहे. काही संवाद उघड व्याख्यानाच्या पातळीवर उतरतात. सर्वांत मोठी उणीव मिकीच्या चित्रणात आहे. जिच्या मृत्यूवर साऱ्या खंडाचे वजन तोललेले आहे तिला पूर्वीच्या खंडांत स्वतःचे असे मन फारसे दिलेले नाही. ती नायकाची प्रेयसी म्हणून जगते आणि नायकाच्या शोकाचे कारण म्हणून मरते. मालिकेने तिला धावपटूची जिद्द आणि बोलण्याचे धैर्य देऊन ही उणीव पुष्कळ अंशी भरून काढली. ह्या एका बाबतीत रूपांतर मुळाच्या पुढे गेले आहे, हे मान्य केले पाहिजे.

असे असूनही प्रस्तुत लेखकाला मूळ अंतिम खंड अधिक थोर वाटतो, आणि त्याचे कारण त्याच्या निर्दयपणात नसून त्याच्या सचोटीत आहे. मुलांच्या साप्ताहिकाने मुलांना दिलेला नेहमीचा शब्द असा असतो, की राक्षस ओळखू येतो, आणि तो ओळखल्यावर त्याला मारणे हे चांगल्याचे काम. चार खंडांपर्यंत नागाई ह्यांनी तो शब्द पाळला. पाचव्यात त्यांनी तो मागे घेतला आणि आपल्या तरुण वाचकांना विचारले, की ओळखणारा कोण, आणि त्याने कशावरून ओळखले? हा प्रश्न विचारण्याकरिता आधीचे चार खंड हवे होते. उगारलेल्या हाताची चटक ज्याला लागलेली नाही त्याला तो हात खाली घेणे किती अवघड आहे हे सांगून कळत नाही. ह्या कृतीतील हिंसेचे कार्य एवढेच आहे, आणि एवढे कार्य करणारी हिंसा अनावश्यक ठरविता येणार नाही.